विहिरीतली उडी आणि माझं प्रश्नचिन्ह

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

मी मंठ्याचा वार्ताहर. जुन्या जालन्यातल्या एका मोटारसायकल शोरूमचा एक प्रचारवाला होता; तो मजकूर लिहून पाठवायचा, मी त्यावर माझं नाव टाकून छापायचो. 'ग्राहकांची झुंबड!' — झुंबड कसली? माणसं त्यानंच जमवलेली असायची.

वाटूरच्या सविताला बातमी लिहायला मी शिकवलं. पुढं ती दुसऱ्या पेपरात लागली, तरी मला दादाच म्हणायची. आणि मग तिला ती बातमी मिळाली — मेंढ्या राखणाऱ्या गयाबाईंनी विहिरीत उडी घेऊन दोन पोरी वाचवल्या. पहिलं पान. खाली सविताचं नाव. जालन्याहून लोक तिला फोन करून राह्यले होते. मला कधी कोणी केला होता फोन?

शोरूमवाल्यांनी संधी साधली. गयाबाईंना साडी दिली, मागं आपला भलामोठा बॅनर. प्रचारवाल्यानं तो फोटो मलाही पाठवला. बघितला आणि — कसं सांगू — मला बरं वाटलं.

मी वाटूरला गेलो. दोरानं सोलून निघालेले गयाबाईंचे तळहात पाहिले. पोरींशी बोललो. शंकेला जागाच नव्हती. तरी परत येऊन लिहिलं — 'विहिरीतली उडी की शोरूमची जाहिरात?' बातमीवर नाव घातलं नाही.

गाव हसलं. "मावशी, आता कोणत्या गाडीसाठी उडी?" गयाबाई सविताला एवढंच म्हणाल्या, "पोरी बुडून राह्यल्या व्हत्या. मंग काय फोटूवाल्याची वाट बघू?"

सविताच्या संपादकांनी तिच्याकडं खुलासा मागितला. ती माझ्याकडं आली. "दादा, कोणी लिहिलं असंल हो हे?"

"न्हाई माहीत," मी म्हणालो. वर तिला चहा पाजला.

महिन्याभरात तिनं पेपर सोडला. पुन्हा कुठंच लिहिलं नाही. तिनं पेपर सोडल्याचं कळलं — तेही सांगतो — त्या रात्री मला गाढ झोप लागली.

परवा ती मंठ्याच्या बाजारात भेटली. सोबत सासू होती. "आई, मला लिहायला यांनीच शिकवलं," ती म्हणाली. सासूबाईंनी हात जोडले.

मीही जोडले.