होमोसिस्टीन आणि आमचं घर

डॉक्टरांनी काचेच्या नळीत शिवाची लघवी घेतली. तीत एक औषध घातलं, थोडं थांबले, मग दुसऱ्या औषधाचे थेंब सोडले. पाण्यासारखी लघवी बघता बघता बिटाच्या रसासारखी लालजांभळी झाली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली. मग म्हणाले, "पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष आज बघतोय. होमोसिस्टिन्युरिया."

शिवा माझा मुलगा, तेव्हा दहा वर्षांचा. उजवा हात लुळा पडलेला, जीभ जड. तरी म्हणाला, "अप्पा, माझ्या पोटात शाईचा कारखाना हाय की."

ही सत्तरच्या दशकातली, सोलापूरची हकीकत. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांच्यासाठी लिहितो आहे. आणि एक खोटं खोडायचं आहे म्हणूनही.

शिवा पहिल्यापासून उंच, काटकुळा, नजरेनं अधू. माझा शेंगतेलाचा व्यापार. अंगी लागावं म्हणून त्याला पुढ्यात बसवून शेंगाची चटणी, दूध, डाळ खाऊ घालायचो. एका सकाळी जेवताना भाकरीचा तुकडा त्याच्या हातून पडला आणि त्याला तो परत उचलता येईना.

सरकारी दवाखान्यात सांगितलं, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. "म्हाताऱ्यांचा आजार या पोराला कसा?" डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी धरली. दोन्ही भिंगं जागेवरून खाली सरकलेली होती.

"घरात आणखी कुणी असं? उंच, जाड चष्मा, तरुणपणीच गेलेलं?"

"नाही," मी म्हणालो.

माझा थोरला भाऊ बसू तंतोतंत असा होता. ऐन पंचविशीत बसल्या जागी गेला. ऊन लागलं, असं आम्ही लोकांना सांगितलं होतं. घरात दोष आहे म्हटलं की पोरींना स्थळं येत नाहीत.

अक्का, माझी थोरली बहीण, तिच्या सासरहून, वळसंगहून आली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या म्हायेरात असलं काय न्हाय. आलं असंल तर माझ्या सासरकडनं."

भावाची अब्रू राखायला तिनं नवऱ्याच्या घरावर बोट दाखवलं. मी ते दाखवू दिलं.

नीलम्मा खाटेच्या पायथ्याशी बसली होती. ती माझी बायको, अक्काची मुलगी. आमच्यात बहिणीची मुलगी करतात. ती खाली बघत म्हणाली, "बसूमामाबी असाच व्हता की."

"गप बस," मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा," डॉक्टर मला म्हणाले. "बाई, सांगा."

तिनं सगळं सांगितलं. त्यानंतरच ती नळीतली तपासणी झाली.

डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. आपण खातो त्या प्रथिनांत मेथिओनिन नावाचा पदार्थ असतो. शरीर त्यापासून होमोसिस्टीन तयार करतं आणि लगेच त्याचं दुसरं काही करून टाकतं. शिवाच्या शरीरात ते पुढचं काम अडलं होतं. होमोसिस्टीन रक्तात साचत होतं, रक्तवाहिन्यांना आतून इजा करत होतं. मग गुठळी होते; कधी मेंदूत, कधी हृदयात. पुढची कुठं होईल, सांगता येत नव्हतं. आणि मी त्याला पुढ्यात बसवून तेच खाऊ घालत होतो.

मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर दोन रेघा काढल्या, एक माझी, एक नीलम्माची. "हा दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो," ते म्हणाले. रेघा वर गेल्या आणि माझ्याच आईवडिलांपाशी मिळाल्या. किती वर्षं ही गोष्ट आमच्यातून मुकाट्यानं चालत आली होती, आणि आम्ही लग्नाच्या अक्षता टाकत होतो.

उपाय काय, तर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या गोळ्या. "सगळ्यांना लागू पडत नाही. बघू," डॉक्टर म्हणाले. डाळ, दूध, शेंगा मोजून. काही आठवड्यांनी पुन्हा नळी, पुन्हा थेंब. रंग आला तो जेमतेम गुलाबी. मी देवळात अनेकदा हात जोडले आहेत, पण त्या नळीपुढे जोडले तसे कधी नाही.

शिवाचा हात बराचसा परत आला. आज त्याचे केस पांढरे झाले आहेत. गोळी चालू आहे.

पण भावकीत अक्काचं वाक्यच पसरलं. वळसंगच्या घराण्यात दोष आहे, असं लोक म्हणू लागले. नीलम्माच्या दोन चुलत बहिणींची स्थळं त्यावरून परत गेली. ती मोडली त्या बैठकीत मी होतो आणि सुपारी कातरत राहिलो. अक्का आता हयात नाही, तिला मी दोष देत नाही. खोटं माझ्यासाठी होतं, ते मोडायचं काम माझं होतं. दोष वळसंगचा नाही. आमच्या घरचा आहे, माझ्या रक्तातला आहे.

तुमच्या घरी कुणी बसू असेल, तर डॉक्टरांना सांगा. माझा मुलगा औषधानं वाचला, पण औषधापर्यंत तो नीलम्माच्या एका वाक्यानं पोचला. हे मी तिला कधी बोललो नव्हतो. काल हे लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"माझ्यापुढं काय वाचताय," ती म्हणाली. "वळसंगला चला. तितं वाचा."

उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही जातो आहोत.