एकदाच बदलता येणारं तिकीट

पडदा वर जातो तेव्हा बंगळूरच्या जे. पी. नगरातल्या एका गल्लीत दुकानाचं शटर अर्धं वर असतं. ते अर्धंच जातं. चार वर्षं झाली, अडकलंय. आत एक टेबल, जुना कॉम्प्युटर, गिऱ्हाइकांसाठी बाकडं, आणि मधोमध, जणू सगळा उजेड आपल्यावरच सोडलाय अशा थाटात, दामोदरअण्णा. साठीचे. चष्मा कपाळावर. धंदा पुणे, कोल्हापूर, बेळगावकडच्या बसची तिकिटं काढून देण्याचा.

दामोदर मूळचे निपाणीचे. एकतीस वर्षांपूर्वी मावसभावाकडे आठ दिवसांसाठी आले ते परतीचं तिकीट खिशात घेऊन. आठव्या दिवशी काम मिळालं आणि ते राहिले. घरी निरोप पोचला नाही. आई निपाणीच्या स्टँडवर बंगळूरहून येणाऱ्या तीन गाड्या रिकाम्या होईपर्यंत बसून होती. ते तिकीट अजून टेबलाच्या काचेखाली आहे. कुणी विचारलं, तर दामोदर ‘जुनं आहे’ एवढंच सांगतात.

जाता-येता तिकीट महिना-दोन महिने आधी काढलं की स्वस्त पडतं. रद्द केलं तर पैसे परत नाहीत. परतीची तारीख मात्र बदलून मिळते, तीही एकदाच. म्हणून दामोदर आधी विचारतात, "कशाला चाललाय?" लग्नाला जाणारा ठरल्या दिवशी परततो, असा त्यांचा अनुभव. बाळंतपणाला जाणारी बाई कधीच नाही. "तो एक बदल शेवटपर्यंत राखून ठेवा," ते प्रत्येकाला बजावतात. "स्वल्प मागेपुढे होतंच."

शुक्रवारी दुपारी शटरखालून वाकून शुभदाबाईंचा प्रवेश झाला. पुण्याच्या, सत्तरीला टेकलेल्या. नात सांभाळायला मुलाकडे आल्या होत्या. मुलगा अभिजीत याच गल्लीत राहायचा आणि आईचं जाता-येता त्यानं दामोदरांकडूनच काढलं होतं.

"उद्याचं तिकीट आहे माझं. बदलायचंय," त्या बाकड्यावर टेकत म्हणाल्या.

"राहताय म्हणा की. पंधरा दिवस पुढं?"

"एक दिवस. रविवारचं करा."

दामोदरांनी चष्मा खाली घेतला. "एका दिवसासाठी बदल घालवू नका, अक्का. उद्या गरज पडली तर?"

"आजच पडणार आहे. संध्याकाळी अभिजीत येईल आणि पंधरा दिवस पुढं ढकलेल. मुलीला सांभाळायला बाई मिळेपर्यंत राहा म्हणतो."

"मग नाही म्हणा."

"तीनदा म्हणायला गेले. तो समोर आला की तोंडातून 'बरं' निघतं." त्यांनी पर्सचा बंद उगाच नीट केला. "मंगळवारी माझ्या भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. सुहास एकटा असतो. मी येते म्हणाले, म्हणून त्यानं दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. वाट बघत बसेल तो. मला नाही म्हणता येत नाही, दामोदरराव. तिकिटाला म्हणू दे."

"त्यांनी नवीन काढलं तर?"

"आमच्या घरात तिकीट वाया घालवत नाहीत. ह्यांनी अंगात एकशे दोन ताप असताना सर्कस पाहिली होती, तिकीट काढलं होतं म्हणून. अभिजीत त्यांच्यावर गेलाय."

दामोदर थोडा वेळ काचेखाली बघत राहिले. मग आजवरची सगळी शिकवण बाजूला ठेवून त्यांनी शनिवारचा रविवार केला.

संध्याकाळी पाठीवर बॅग घेऊन अभिजीत आला. "अंकल, आईचं रिटर्न पंधरा दिवस पोस्टपोन करा."

"होत नाही. एकदा बदललंय."

"कुणी?"

"ज्यांचं तिकीट, त्यांनी."

अभिजीतनं स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतला. "एका दिवसासाठी? हे काय लॉजिक आहे?"

"नवीन काढून देतो. हे वाया जाईल."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"निम्मे तरी परत मिळतील?"

"काही नाही."

अभिजीत उभाच राहिला. दामोदरांनी पंखा एका आकड्यानं वाढवला. चांगल्या नटाला समोरच्याच्या वाक्याची वाट बघता यावी लागते, आणि दामोदरांना ते जमत होतं.

"ती काही बोलली का तुमच्याशी?"

"त्यांनाच विचारा."

"आम्ही रोज बोलतो, अंकल."

"विचारा, म्हटलं."

अभिजीत घरी गेला. त्यानं काय विचारलं ते दामोदरांना कळलं नाही, पण नवीन तिकीट काढायला तो आला नाही.

रविवारी दिवेलागणीला मुख्य रस्त्यावर बस लागली. दामोदर यादी घेऊन दाराशी उभे होते. अभिजीतनं आईची बॅग डिकीत ठेवली आणि फोन कानाला लावला. "मामा, बसली हं आई. उद्या सकाळी पोचेल. नाही, नाही, तू स्टँडवर येऊ नकोस, ती रिक्षानं येईल."

दामोदरांनी यादीतल्या शुभदाबाईंच्या नावापुढे बरोबरची खूण केली. गरज नसताना आणखी एकदा केली.

शुभदाबाई पायरीवर थांबल्या. "दिवाळीनंतर येईन. स्वस्त मिळेल तेव्हा जाता-येता काढून ठेवा."

"परतीची तारीख जरा लांबची टाका, अंकल," अभिजीत मागून म्हणाला.

"सरी, बरं, लांबची टाकतो," दामोदर त्याला म्हणाले. मग त्यांनी बसच्या दारात मान घातली आणि आवाज खाली आणला.

"आणि लगेच एक दिवस बदलून ठेवतो, अक्का."