दोरीची लांबी

मी चौथीत शाळा सोडली, पण न पटलेली गोष्ट माझ्या घरात कुणाला चालवू दिली नाही. सून लिपिकाच्या भरतीचा अभ्यास करायला लागली, तेव्हा मीही शेजारी जाऊन बसायचो. वयाच्या अटीत तिची ही शेवटची परीक्षा. मुलगा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी. तिला सरकारी पगार सुरू झाला की त्याला पाण्यावरून उतरवायचं, असं आमचं ठरलं होतं.

अंगणात जवळा वाळत घातलेला. सुनेच्या एका हातात कावळे हाकायची काठी, दुसऱ्यात मोबाइल. मोबाइलमधले सर केवल मूल्य शिकवत होते. पाचाचं केवल मूल्य पाच आणि वजा पाचाचंही पाचच.

"हे खोटं हाय," मी म्हणालो. "दोन्ही सारखे कसे?"

"बाबा, आपली होडी खाडीत खुंट्याला बांधलेली असते ना? भरतीला आत सरकते, ओहोटीला बाहेर. खुंट्यापासून लांब किती? दोन्हीकडे दोरीएवढीच ना?"

"व्हय. पण ओहोटीला ती गाळात बसते. मग बस म्हणावं दोरी मोजत."

"गणितात गाळ न्हाय विचारत, बाबा."

"मग ते कुणीतरी घरात बसून केलेलं गणित हाय."

"पुढच्या वेळी पेपरला तुम्हालाच बसवते," ती हसून म्हणाली, आणि लगेच मोबाइलमध्ये डोकं घातलं. पुढची वेळ नव्हतीच.

पेपर देऊन आली ती दारातूनच म्हणाली, "बाबा, होडीचं गणित आलं होतं. बरोबर सोडवलं." मला ते गणित पटलेलं नव्हतं, तरी जेट्टीवर मी चार जणांना ही गोष्ट सांगितलीच.

निकाल मोबाइलवर आला. तिच्याबरोबर अभ्यास करणारी किहीमची मैत्रीण कट-ऑफच्या दोन गुण वर, आणि आमची सून दोन गुण खाली. मैत्रिणीचा फोन आला तेव्हा सुनेनं तिचं अगदी मोकळ्या आवाजात अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि जवळा उलटा करायला बसली.

"मी सांगत होतो, खुंट्याच्या कुठल्या अंगाला ते बघावंच लागतं," हे माझ्या ओठावर आलं होतं. माझं खरं ठरल्यावर मी जन्मात कधी गप्प बसलेलो नाही. त्या दिवशी बसलो. तिच्याजवळची काठी उचलली आणि ऊन उतरेपर्यंत कावळे हाकत राहिलो.

मुलगा अजून त्याच बोटीवर आहे.