कानामागची कमान

आमचे हे, पुंजाराम, लासलगावच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारतात. व्यापाऱ्यानं भाव सांगितला की यांनी तो मोठ्यानं परत म्हणायचा, वरचा आला की तो म्हणायचा. मागच्या ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू जायला हवं. यांचा आवाज तसाच, देवीनं दिलेला.

पोळ्याच्या सुमारास यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. नाशिकला नेलं, जीव वाचला. हातपाय चालत होते, बोलणंही आलं. पण कामावर गेले आणि व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव यांच्या तोंडून भलताच निघाला. शेतकरी चिडले. बाजार समितीच्या साहेबांनी घरी बसायला सांगितलं. यांनी ताटाला हात लावला नाही.

मला वाटलं, कानच गेले. देवीचं नाव घेतलं की उघडतील म्हणून समोर बसवलं.

"म्हणा, सप्तशृंगी."

"सप्र... शृप..." मग म्हणाले, "आपली गडावरची आई."

मला वाटलं, थट्टा करतात.

पुन्हा नाशिक गाठलं. डॉक्टर ज्योत्स्नाताईंनी यांच्या डाव्या कानामागं बोट ठेवलं, वर नेलं आणि वळवून कानशिलाच्या पुढं आणलं. म्हणाल्या, मागं ऐकलेलं समजतं, पुढं बोलणं जुळतं, दोन्ही जागा शाबूत आहेत. मधे कमानीसारखी वळलेली तंतूंची जुडी असते. तंतूंवर चरबीचं वेष्टन, म्हणून ती पांढरी दिसते. ऐकलेला शब्द जसाच्या तसा तिच्यावरून पुढं जातो. तीच दुखावली आहे. अर्थ दुसऱ्या वाटेनं पोचतो.

म्हणजे नाव अडलं, तरी यांना आई पोचली होती.

तेव्हापासून मी गडावरचा अंगारा यांच्या कपाळाला लावते आणि तेच बोट कानामागून कमानीवरही फिरवते.

यांच्या जोडीला काम करणारा जयराम आमच्या भजनातलाच. सगळं ऐकून म्हणाला, "दादा, भजनात तुम्ही कधी कुणाच्या मागं म्हणलं? चाल तुम्ही धरायची, मागं आम्ही वरडायचं. हितं बी तसंच करू."

साहेबांनी एकदा करून बघा म्हटलं. मीही गेले. यांनी कांदा हातात घेतला, दाबून पाहिला आणि मनानं पहिला भाव पुकारला. खणखणीत. मग व्यापारी बोलू लागले, तसा जयराम म्हणाला, "आता गप ऱ्हा, पुढचं माझं," आणि त्यांचे भाव तोच पुकारू लागला. हे हसले. साहेब म्हणाले, उद्यापासून या.

संध्याकाळी दिवा लावताना मी म्हटलं, "सप्तशृंगी."

हे म्हणाले, "गडावरची आई."

दोघांनी हात जोडले.