पारेक्की, म्हणजे बरेच

शिरूर तालुक्यातल्या एका कारखान्यात क्वालिटीला असताना मी मोबाइलवरून इटालियन शिकले. यंत्रं तिकडची, तपासणीला येणारा इंजिनिअरही तिकडचा. त्याच्या अहवालाचं मराठी मी करायचे आणि त्याचा मला भारी तोरा होता.

त्या अहवालात एक विशेषण सारखं यायचं, ‘पारेक्की’. त्याचा अर्थ त्याने मला चहाच्या सुट्टीत बिस्किटांवर समजावला. दोन-तीन बिस्किटं बाजूला काढली, ती ‘अल्कूनी’, म्हणजे काही. अख्खा पुडा ‘मोल्ती’, पुष्कळ. पारेक्की या दोहोंच्या मधलं. लग्नाला किती माणसं आली विचारल्यावर आपण न मोजताच ‘बरीच की’ म्हणतो, तेवढं.

एकदा त्याने लिहिलं, मामांच्या प्रेस मशीनवर निघालेल्या पारेक्की झाकणांवर चरे आहेत. मामा वरवंडचे, कंत्राटी कामगार; अख्खा कारखाना त्यांना मामाच म्हणायचा. झाकण उजेडात तिरकं धरून चरा कसा ओळखायचा, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पण आमच्या खात्याची एक पद्धत होती. खराबी नेहमी एक पायरी चढवून लिहायची, म्हणजे पुढे काही निघालं तर झाकलं असा ठपका आपल्यावर येत नाही. मी ‘पुष्कळ’ लिहिलं. नीट ठाऊक असून लिहिलं.

आठवड्याच्या आत ठेकेदाराने मामांना कामावरून बंद केलं. खरं सांगायला मी दोनदा साहेबांच्या केबिनच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले. भित्री होते, दुसरं काय!

परवा वरवंडला हायवेवरच्या हॉटेलात मामा टेबलं पुसताना दिसले. लाज वाटली, तरी मी बसले. चहा त्यांनीच आणला, घरच्यांची चौकशी केली.

“मामा, दुसऱ्या कंपनीत नाही बघितलं?”

“न्हाई ताई. तुमी लिव्हलं म्हंजी पुष्कळच बिघडलं आसंल. तवापास्नं माझाच माझ्या हातावर इश्वास न्हाई. मशिनीम्होरं उभं ऱ्हायचं म्हटलं की भ्या वाटतं.”

मी कप खाली ठेवला.

“मामा, तेवढी झाकणं खराब नव्हती. मी वाढवून लिहिलं.”

त्यांचा पुसता हात थांबला.

“लिव्हताना ठाऊक हुतं तुमाला?”

“व्हय,” मी म्हणाले.