चाप लावलेली पानं

पाळण्याची दोरी तेजश्रीच्या पायाच्या अंगठ्यात अडकवलेली आहे. बाळ झोपलंय की डोळे मिटून आईची परीक्षा बघतंय, हे अजून नक्की नाही. म्हणून पाय आपला हलतोच आहे आणि बाकीची तेजश्री हळूहळू विझत चालली आहे. दुपार कलायला लागलीय. आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, परड्यात शेंगा वाळत घालायला गेल्यात. त्या येईपर्यंतचा वेळ काय तो तिचा. छातीवर पुस्तक पालथं पडलंय. त्याच्या मधल्या काही पानांना तिनं केसांतला हिरवा चाप लावून ठेवलाय, वाचताना ती पानं एकगठ्ठा पलीकडं जावीत म्हणून.

दोरी तिच्या पायानं हलते. मग एकदा आपोआप हलते. मग तिचा पाय थांबतो आणि पाळणा हलतच राहतो.

"झोपा वैनी. मी देतो झोका."

पाळण्याशी धैर्यशील बसलाय. तिचा धाकटा दीर. तो जाऊन वर्ष होत आलं, हे तिला चांगलं ठाऊक आहे. तरी तिच्या मनात पहिलं येतं ते हे, की सकाळचं दूध नासलंय, आता चहा कसा टाकायचा.

"कधी आलात भावजी?"

"आलो कुठं? ट्रंकेतच होतो की."

कोपऱ्यातल्या काळ्या ट्रंकेचं झाकण उघडं आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्याचं नाव आणि नंबर. पलटणीतून ही ट्रंक घरी आली तेव्हा तिच्यात दोन युनिफॉर्म, दाढीचं सामान आणि हे पुस्तक होतं. धैर्यशीलचे हात कोपरापर्यंत पांढरे आहेत, पण दोरीला डाग पडत नाही. तो पाळण्यात वाकून बघतो. बाळ पोटात होतं तेव्हा तो गेला.

"नाक माझ्यावर गेलंय बघा. बिचारं."

"सुभेदार तात्या परवा वितीनं मोजून गेले. म्हणाले, पाय लांब आहेत, भरतीला चालेल."

तात्या म्हणजे गावातले निवृत्त सुभेदार. धैर्यशील हसत नाही. "तात्याला हात लावू देत जाऊ नका," म्हणतो. मग लगेच, एखाद्यानं उसनी दिलेली चीज सुखरूप आहे ना असं विचारावं तसं विचारतो, "माझं पुस्तक कुणी कुणी वाचलं?"

घरात त्याला सगळे 'पुलाचं पुस्तक' म्हणतात. परक्या मुलखातली कादंबरी, मराठीत आणलेली. एक पलटण एका पुलावर पहारा देत असते. पुलाखालची नदी कधीच दुसरीकडून वाहायला लागलीय, पण वरच्या साहेबांच्या नकाशात ती अजून तिथंच आहे, त्यामुळं पहारा उठत नाही. रजेवर आला की धैर्यशील ते अंगणात मोठ्यानं वाचायचा आणि पाय आपटून हसायचा. घरोघरी एक तरी शिपाई असलेलं हे गाव. लोक कौतुकानं बघायचे आणि जरा लांबून जायचे.

"सांगा की. कोण काय म्हणालं?"

ते दोघं वाचनालयात बसलेत. ट्रंक आल्यावर तिनं पुस्तक काही दिवस इथंच ठेवायला दिलं होतं. पाळणाही इथंच आहे, पेपरांच्या टेबलाशेजारी. कपाटांत पुस्तकांच्या जागी बूट लावलेत, प्रत्येक जोडाला चिठ्ठी चिकटवलेली. वाचक भिंतीला टेकून ओळीनं उभे आहेत, छाती मोजून घ्यायला उभे राहतात तसे. तेजश्रीला त्यात वावगं काही वाटत नाही.

"तात्यांनी चार प्रकरणं वाचली आणि टेबलावर आपटलं. म्हणाले, ज्यानं हे लिहिलंय त्यानं बंदूक कधी हातात धरली नसणार."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी परत न्यायला आले. म्हणाले, काल चष्मा विसरलो होतो."

धैर्यशील मांडीवर थाप मारतो. पांढरी धूळ उडते. "आणि वाचनालयातल्या कदमबाई?"

"त्या म्हणाल्या, पुस्तक चांगलं आहे पण आपल्या गावाला नको. लोणच्या-पापडांच्या पुस्तकांमागं ठेवलं होतं त्यांनी. मी मागून आणलं."

"आणि दादा?"

दादा म्हणजे तिचा नवरा. तोही फौजेत आहे. आत्ता तो तिकडं वर, बर्फात आहे. "त्यांनी एका बैठकीत संपवलं. एकदाही हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी रजा शिल्लक असताना बॅग भरायला लागले."

कपाटातून एक बूट खाली पडतो. कुणी उचलत नाही.

"आणि आई?"

आत्याबाईंना वाचता येत नाही. गेल्या पंचमीला त्यांनी आपण होऊन ट्रंक उघडली, पुस्तक काढलं आणि तेजश्रीच्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "ह्यात एवढं काय होतं म्हणून धैर्या हसायचा? वाचून दाखव." तेव्हापासून रोज दुपारी वाचन.

"त्यांना विनोदाचं हसू येत नाही," तेजश्री सांगते. "विचारतात, नदी गेली तर ही पोरं पाणी कुठनं भरत्यात? त्यांना जेवायला कोण घालतं? पण साहेबाच्या घोड्याला बिल्ला मिळतो ना, तिथं पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या."

"मीबी तिथंच हसायचो!" त्याचा चेहरा उजळतो. मग तो पुस्तकाकडं बघतो. "आणि हा चाप?"

तेजश्री पुस्तक पदराखाली घेते.

"रंग द्यायला लावलेल्या पोराचं काय केलंत वैनी?"

चाप लावलेल्या पानांत एक पोरगा आहे. मोठे साहेब पाहणीला येणार म्हणून त्याला पुलाच्या कठड्याला रंग द्यायला लावतात. रंग देता देता तो खालच्या कोरड्या पात्रात पडतो आणि मरतो. साहेब दुसऱ्याच वाटेनं निघून जातात. घरी कळवतात, पोरगा शत्रूशी लढता लढता नदीच्या पुरात गेला.

"त्याला मी रजेवर पाठवलं," ती हळूच म्हणते. "आत्याबाईंना सांगितलं, गेला घरी आईकडं."

"लई मोठी रजा दिलीत."

ते आता उतारावर उभे आहेत. वाचनालयाची फरशी तशीच पायाखाली आहे, फक्त तिरकी झालीय, आणि दोन्ही बाजूंना चुना लावलेल्या दगडांची ओळ खाली, धुक्यात उतरत जाते. पाळणा एका दगडाला बांधलाय. हे सगळं तेजश्रीला नवऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, आवाज दाबून. कुणीतरी मोठं माणूस येणार होतं. वाटेच्या कडेच्या दगडांना चुना लावायचं काम होतं. पावसानं कडा भुसभुशीत झाली होती. धैर्यशील गेला तेव्हा त्याच्या हातात ब्रश होता. शेवटी नवरा म्हणाला होता, "आईला सांगू नको. शब्द बाहेर पडला तर... मी अजून हिकडंच आहे."

आणि गावात कुणी मुद्दाम खोटं बोललंच नव्हतं. आधी फ्लेक्सवर वीरगती आली. मग भाषणात गोळी आली. मग ती छातीवर लागली. आत्याबाई पुढच्या रांगेत बसून ऐकत होत्या.

"माझ्यावर हसावं का रडावं, माझं मलाच कळंना," धैर्यशील म्हणतो. तो खाली बसून दगडाला चुना लावायला लागतो. "पुस्तकात वाचलं तेव्हा पोट धरून हसलो होतो, वैनी. त्याच पोरावर."

"भावजी, तिकडं कडेला नका बसू."

"आई रोज रडती ना?"

"रोज. दिवा लावताना."

"कुणासाठी?"

"असं काय विचारता?"

"छातीवर गोळी खाल्लेला कोण तरी हाय. भाषणातला. त्याला माझं नाव दिलंय. आई त्याच्यासाठी रडती." ब्रश थांबतो. "मी हितं दगडापाशी बसलोय. माझ्यासाठी कोण रडलंय?"

तेजश्रीला बोलायचं असतं, पण तोंडात चुना भरावा तशी जीभ भाजते. पाळण्याची दोरी सुटायला लागलीय, एकेक पदर. ती धावते. फरशी आणखी तिरकी होते.

"सांगा तिला," धैर्यशील पाठमोरा म्हणतो. "ती जन्मभर हेच ऐकत आलीय. आबा पलटणीत होते तेव्हा तिला आलेली त्यांची पत्रं गुरुजी वाचून दाखवायचे, वाईट ते सगळं गाळून. तिला कळतं. डोळे खाली गेले आणि तोंड थांबलं, की ती ओळखती."

"मग बोलत का नाहीत त्या?"

"वाचणाऱ्याला वाईट वाटंल म्हणून."

तो पुस्तक मागायला हात पुढं करतो. पांढरा, ओला हात. ती देते. चाप न काढताच तो त्या पानांत अंगठा घालतो, जागा धरून ठेवावी तसा, आणि पुस्तक मिटून तिला परत देतो.

बाळ रडतंय.

तेजश्री उठून बसते. पाय मुंग्यांनी बधिर झालाय, दोरी अंगठ्यात तशीच. ट्रंक बंद आहे. दारातून शेंगांचा ओला वास येतोय. ती बाळाला उचलून घेते, छातीशी लावते, आणि दुसऱ्या हातानं पुस्तक ओढते. चाप जिथल्या तिथं आहे. ती तो काढते.

पिवळट पानावर पांढरा अंगठा उठलाय. अगदी स्पष्ट, रेघन् रेघ. खालची अक्षरं त्यानं झाकलीत. चाप लावण्याआधी तिनं हे प्रकरण दोनदा वाचलं होतं. तेव्हा हा होता? असेल. तिकडं काम करता करता मध्येच वाचत बसला असेल. ती आठवायचा प्रयत्न करते आणि आठवत नाही.

"झोपेत बडबडत होतीस गं," म्हणत आत्याबाई आत येतात. ओच्यातल्या शेंगा सुपात ओततात, हात पुसतात आणि पुस्तकाकडं बघतात. "काय झालं? चाप काढलास?"

तेजश्री पान उघडंच ठेवते. आत्याबाई जवळ येऊन बसतात. पानावर बोट फिरवतात, बोट डोळ्यांसमोर धरतात, दुसऱ्या बोटानं चोळतात. मग आपला अंगठा त्या पांढऱ्या अंगठ्यावर ठेवून बघतात. तो त्यांच्या अंगठ्यापेक्षा मोठा आहे.

"चुना हाय ह्यो."

"हो."

आत्याबाई अंगठा पानावरून उचलत नाहीत.

"लढाईत चुना कशाला लागतो गं, तेजू?"

तेजश्रीचे डोळे सवयीनं पानाच्या तळाकडं घसरतात. आत्याबाई हात पुढं करून तिची हनुवटी धरतात, लहान पोराची धरावी तशी, आणि पुन्हा वर आणतात. त्यांना अक्षर येत नाही, पण बोट बरोबर प्रकरणाच्या पहिल्या ओळीवर टेकतं.

"हितनं," त्या म्हणतात. "आणि रजेवर गेला म्हणू नगंस."

तेजश्री बाळाला दुसऱ्या कुशीवर घेते.

"त्या सकाळी," ती वाचते, "पुलाला रंग द्यायचा हुकूम आला."