नवमीचा बॉयलर

झेंडूचा वास आला की मला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं एक भंगाराचं दुकान आठवतं. खंडेनवमीची सकाळ होती. बाबा आणि मी पूजेची फुलं आणि माळ घेऊन परतत होतो. दुकानापुढे पडलेला बॉयलर बाबांनी लांबूनच ओळखला. अंबरनाथचा कापड रंगवण्याचा कारखाना बंद पडेपर्यंत तिथला हा बॉयलर त्यांनीच चालवला होता. दार निखळल्यामुळे आतल्या नळ्यांची तोंडं ओळीने दिसत होती. "जुन्या आगगाडीच्या इंजिनातही अशाच नळ्या असायच्या. आतून जाळ जायचा आणि भोवतीचं पाणी उकळायचं," काजळीवर बोट फिरवत ते म्हणाले. तेवढ्यात तिथल्या कामगाराने गॅस कटर पेटवला. बाबा दुकानदाराकडे वळले. "शेठ, आज नवमी है. आज इसको मत काटो." शेठने त्यांच्या हातातली फुलं पाहिली आणि कटर बंद करायला लावला. "ठीक है काका, कल काटेंगे." बाबांनी बॉयलरला माळ घातली, नमस्कार केला आणि घराची वाट धरली. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्याने जायचं आम्ही दोघांनीही टाळलं. आता बाबा नाहीत. आज पुन्हा खंडेनवमी. पूजेच्या पाटावर माझा लॅपटॉप आणि स्कूटरची चावी मांडली आहे, बाबांचं काहीच नाही. त्या दिवशी एक नळी मागितली असती, तर शेठने नक्की दिली असती.